डीओटी फिजिकलची परीक्षा: मी कुठे अडकले

न्यू जर्सीत नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे तपासून औषधं लिहून देणारी नर्स, म्हणून सात वर्षं काढली, मग नॅशनल रजिस्ट्रीच्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. अमेरिकेत ट्रक-बस ड्रायव्हरांची सरकारी आरोग्य तपासणी, म्हणजे डीओटी फिजिकल, करायची तर ही परीक्षा पास व्हावी लागते. पुन्हा बसायला ३० दिवस थांबावं लागतं. ते दिवस फार जड गेले.

१२० प्रश्न, २ तास. वेळ पुरतो, त्याची धास्ती घेऊ नका. माझा घात केला तो माझ्याच सवयीने. प्रत्येक प्रश्नाला मी उपचार करणारी म्हणून उत्तर देत होते.

हे नीट सांगते. ड्रायव्हर समोर बसलाय, लघवीत साखर निघाली. आपलं डोकं लगेच औषधाकडे धावतं. पण इथे औषध सुरू करणं आपलं काम नाही. हा माणूस ट्रक सुरक्षित चालवू शकेल का, आणि सर्टिफिकेट द्यायचं तर किती मुदतीचं, एवढंच ठरवायचं. इन्सुलिनवर असेल तर त्याच्या डॉक्टरने भरलेला ५८७० नंबरचा फॉर्म हवा, सहीपासून ४५ दिवसांच्या आत, आणि सर्टिफिकेट जास्तीत जास्त १२ महिन्यांचं. पाच फुटांवरची कुजबुज ऐकू आली नाही? मी थेट कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. नियम म्हणतो, ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर कानाची तपासणी, करा. चांगल्या कानाची ऐकण्यातली सरासरी घट ४० डेसिबलच्या आत असेल तर तो पास. पर्याय वाचताना दर वेळी स्वतःला विचारा: मी इथे कोण आहे?

जुन्या नोट्स कुणी प्रेमाने दिल्या तरी घेऊ नका. इन्सुलिनचा नियम २०१८ मध्ये बदलला, नजरेचा २०२२ मध्ये. पाठ केलेलं चुकीचं उत्तर डोक्यातून निघता निघत नाही.

त्यापेक्षा रोज या तपासण्या करणारा माणूस गाठा. मला शिकवलं एका वयस्कर कायरोप्रॅक्टरने, म्हणजे मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्याने. आपल्यातले काहीजण त्यांना कमी लेखतात, ते मला मुळीच पटत नाही. त्यांनी मला खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं, एक कान झाकायला लावला, श्वास पूर्ण सोडला आणि मग कुजबुजले, "सहासष्ट, अठरा, तेवीस." श्वास सोडून का, ते तेव्हा कळलं: छातीत हवा असली की कुजबुज मोठी होते आणि कमी ऐकणाराही पास होऊन जातो.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. अभ्यास फारसा वाढवला नव्हता, फक्त औषधं लिहिणं सोडलं होतं.