कणकुंबीहून समुद्राकडे: सागरी पूर्वानुमानात येऊ पाहणाऱ्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. कणकुंबीची मलप्रभा कूडलसंगमाला कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराला जाते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पणजीपाशी अरबी समुद्र गाठते. उपसागराच्या उत्तरेला नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे वरच्या पाण्याची क्षारता (किलोभर पाण्यात साधारण किती ग्रॅम मीठ) बऱ्याचदा ३३ च्या खाली असते, अरबी समुद्रात ती ३५-३६. गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगतं, खालचं थंड पाणी सहजी वर येऊ देत नाही, आणि तापलेला वरचा थर चक्रीवादळाला ऊर्जा पुरवतो. बेळगाव, निपाणीत राहून हे शिकता येतं का, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगायचं की पूर्वानुमानाच्या कामात समुद्र क्वचितच दिसतो. दिसतात ते आकडे.

म्हणून बीएस्सीला फिजिक्स-मॅथ्स सोडू नका. सागरशास्त्र म्हणजे मासे, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. माशांकडेच ओढा असेल तर कारवारला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग आहे, तो चांगला रस्ता आहे. पण लाटा, प्रवाह, त्सुनामी यांचं गणित वेगळं, तिथे डिफरन्शियल इक्वेशनशिवाय पान हलत नाही. एमएस्सीसाठी गोवा विद्यापीठ, कोचीनचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ (कुसाट), विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ ही ठिकाणं पाहा. पुढे संशोधनासाठी सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. कागदपत्रांबद्दल एक गोष्ट: महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘ई’ प्रकार आहे. तो इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना लागतो. एमएस्सीला तो चालेलच असं धरून बसू नका.

आता खरं काम. घरी लॅपटॉप आणि इंटरनेट असेल तर आजच सुरू करता येईल अशी जागा म्हणजे आर्गो. जगभरच्या देशांनी मिळून समुद्रात सोडलेले सुमारे ४,००० तरंगक आहेत. प्रत्येक जण १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारतो आणि वर येताना तापमान, क्षारता, दाब मोजत उपग्रहाला पाठवतो. डेटा सगळ्यांना फुकट. हिंद महासागराचा डेटा हैदराबादच्या इन्कॉइसमध्येही (महासागर माहिती सेवेचं राष्ट्रीय केंद्र) सांभाळला जातो.

अरबी समुद्रातल्या एका तरंगकाची नेटसीडीएफ फाइल (हा डेटा साठवायचा नेहमीचा प्रकार) घ्या आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत उघडा. नवखा माणूस हमखास जिथे अडखळतो त्या जागा अशा. तारीख १ जानेवारी १९५० पासूनच्या दिवसांत असते आणि वेळ ग्रीनिचची, आपली वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. दाब डेसिबारमध्ये असतो. तो मीटरच्या जवळपास असला तरी मीटर नव्हे, २,००० डेसिबार म्हणजे साधारण १,९८० मीटर. ९९९९९ हा आकडा क्षारता नसून ‘नोंद नाही’ची खूण आहे, ती न काढता सरासरी घेतली की समुद्राचं मिठागर होतं. आणि प्रत्येक नोंदीला दर्जाचा अंक चिकटलेला असतो: १ म्हणजे चांगली, ४ म्हणजे वाईट. आधी १ ठेवा, मग आलेख काढा.

एवढं करूनही क्षारता फसवते. संवेदकावर शेवाळ बसतं किंवा तो बिघडतो आणि आकडा महिन्यामहिन्याने सरकत जातो. ओळखायचं कसं? १,५०० मीटरखाली बघा. तिथलं पाणी सहसा फारसं बदलत नाही. तिथेही क्षारता एकाच दिशेने सरकत असेल तर समुद्र नाही, यंत्र बदललंय. त्यामुळेच ताबडतोब आलेली आणि नंतर तपासून दुरुस्त केलेली अशा दोन प्रती असतात. अभ्यासाला दुसरी वापरा.

लाटांचा अंदाज ही दुसरी शिकवणी. बातमीत ‘३ मीटर लाटा’ म्हणतात तो आकडा सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी लाट त्याच्या दुपटीच्या जवळ जाऊ शकते. मच्छीमारांना सांगताना हा फरक गिळला तर घात होतो. शिवाय इथे वारा शांत असतानाही दक्षिण महासागरातल्या वादळाने उठवलेल्या लाटा इथवर येऊन धडकतात, केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. हिशेब हाताने करून पाहा. १६ सेकंद आवर्तकाळाच्या लाटेची ऊर्जा खोल पाण्यात सेकंदाला साडेबारा मीटर सरकते, म्हणजे दिवसाला १,०८० किलोमीटर. ५,४०० किलोमीटर यायला पाच दिवस. लाटेच्या शिखराचा वेग याच्या दुप्पट असतो. तो धरला तर लाटा खऱ्या वेळेच्या अडीच दिवस आधीच येतील असा चुकीचा इशारा निघतो. पाच दिवस हातात मिळतात ते दुसऱ्या देशांचे उपग्रह आणि दूरची निरीक्षणं आपल्यापर्यंत पोचतात म्हणून. त्सुनामीचंही तेच: डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादला इन्कॉइसमधलं त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झालं, आणि हिंद महासागरातल्या देशांना आता भारत, ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया तिघेही सूचना देतात. तिथे काम पाळ्यांमध्ये चोवीस तास चालतं, दिवाळी-गणपती बघून भूकंप होत नाही.

सुरक्षेकडे वळायचं असेल तर जहाजांच्या एआयएस नोंदी शिका, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि स्थान रेडिओवरून आपोआप कळवतात ते संदेश. गुरुग्रामला २०१८ पासून नौदलाचं माहिती-संयोजन केंद्र आहे, तिथे इतर देशांचे अधिकारीही बसतात. जहाजाचा ओळख क्रमांक नऊ आकडी, भारतीय ध्वजाचा ४१९ ने सुरू होतो. अक्षांश ९१ दिसला तर घाबरू नका, स्थान उपलब्ध नाही असा त्याचा अर्थ. सिग्नल तुटला म्हणजे जहाजाने मुद्दाम यंत्र बंद केलं असंही नाही. गर्दीच्या मार्गावर संदेश एकमेकांवर आदळतात. उतावळेपणाने ‘संशयास्पद’ लिहिणारा इथे टिकत नाही. सोबत १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यातली १२, २४ आणि २०० सागरी मैलांची हद्द पाठ हवी. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा.

प्रशिक्षणासाठी इन्कॉइसमधलंच आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पाहा, तिथे इतर देशांचे लोकही शिकायला येतात. गोव्यातली दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ) आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र चोर्ला घाट उतरलं की फार लांब नाही. इंटर्नशिपच्या अर्जात ‘मला समुद्राची आवड आहे’ हे वाक्य गाळा. त्याऐवजी एका तरंगकाचा आलेख जोडा आणि खाली लिहा: तरंगकाचा क्रमांक, फाइल उतरवल्याची तारीख, किती नोंदी गाळल्या, का गाळल्या.