इंजिनिअरिंगच्या अभ्यासाला एआय कसं जुंपावं

पूर्वी जर्नल पुढच्या बाकावरच्या पोराचं बघून उतरवायचे, आता चॅटजीपीटीचं. नोव्हेंबर २०२२ पासून बदललं ते एवढंच, असं आम्ही स्टाफरूममध्ये गमतीनं म्हणतो. पण त्याच्याकडून अभ्यासही करून घेता येतो.

आधी गणित वहीत सोडवा, जमेल तिथवर. मग पानाचा फोटो टाकून लिहा, ‘उत्तर सांगू नकोस. माझी पहिली चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच दाखव.’ मराठीत विचारलं तरी चालतं. ‘बेंडिंग मोमेंट’सारखे शब्द मात्र तसेच ठेवायला सांगा, नाहीतर असे प्रतिशब्द येतील की पुन्हा त्यांचाच अर्थ विचारावा लागेल.

खरी फसगत आकड्यांत होते. समजा, ५०० मिलिमीटर लांबीच्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, पॅटर्न करायचाय. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवतात. बिडाला मीटरमागे साधारण १० मिलिमीटर, म्हणजे ५०५. पोलादाला जवळपास दुप्पट, म्हणजे ५१०. धातू कुठला ते लिहायचं राहिलं, की एआय मनानंच एक धरतं आणि उत्तर ठासून सांगतं. म्हणून प्रत्येक प्रश्नाला जोडा, ‘काय काय गृहीत धरलंस ते आधी लिही.’ आकडेमोड लांबलचक असेल तर पायथॉनमध्ये प्रोग्रॅम चालवून करायला सांगा. आणि सवड काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या पॅटर्नमेकरकडे जा. त्याची श्रिंकेज स्केल मुळातच वाढीव मापाची असते. ती आपल्या साध्या पट्टीशेजारी ठेवून बघितली, की हा धडा पुन्हा वाचावा लागत नाही.

ओरलच्या तयारीला एआय फार कामाचं. ‘तू एक्स्टर्नल आहेस, एकेक प्रश्न विचार, उत्तर गुळमुळीत वाटलं तर तिथंच खोदून विचार’ असं सांगून मोबाइलवर बोलत बसा. रूममेट हसेल, हसू द्या.

कोड मागितलात तर त्यातली एक ओळ उडवा, काय बिघडेल ते वहीत लिहा, मगच चालवून बघा.

इंटर्नशिपला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असाल, तर कारखान्याचं ड्रॉइंग परवानगीशिवाय एआयला देऊ नका. ते बहुतेक गिऱ्हाइकाचं असतं.

प्रोजेक्ट रिपोर्टसाठी संदर्भ मागितले, की कधी कधी नसलेले पेपरही ऐटीत यादीत येतात. एकेक उघडून बघा. सापडणार नाही तो खोडा. आणि रिपोर्टमध्ये एआय कुठं वापरलं ते गाइडनं विचारायच्या आधीच लिहून टाका.