घरी वाल्मीकिरामायणाचे वाचन कसे सुरू करावे

वडोदऱ्यातील मराठी घरांत चैत्री नवरात्रात रामायण वाचण्याची इच्छा अनेकांना असते; ती ग्रंथाच्या आकारामुळे मागे पडू नये. परंपरेने सात कांडांत सुमारे 24,000 श्लोक मानले जातात, म्हणजे रोज 50 श्लोक वाचल्यास साधारण सोळा महिने लागतात. लक्ष श्लोकांच्या महाभारताला याच गतीने साडेपाच वर्षे लागतील, म्हणून आरंभ रामायणानेच करावा.

पहिल्या दिवशी अर्थामागे धावू नये. बहुतेक श्लोक अनुष्टुभ् छंदात असून प्रत्येक चरणात आठ अक्षरे येतात. ‘तपःस्वाध्यायनिरतं’ हा आरंभीचा चरण बोटांवर मोजून म्हणावा, दुसऱ्या चरणापूर्वी किंचित थांबावे आणि मग मराठी अर्थ वाचावा. जिभेला छंद बसला की लांब समासही आपोआप सुटू लागतात.

प्रत निवडताना हेतू स्पष्ट असावा. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली चिकित्सित आवृत्ती अभ्यासासाठी अमोल आहे, आणि या शहराला तिचा अभिमान वाटावा असेच ते काम आहे. मात्र उपासकांच्या नित्यपाठातील आदित्यहृदय तिच्या मूळ संहितेत नाही, ते परिशिष्टात गेले आहे. म्हणून पारायणासाठी घराण्यात चालत आलेली पारंपरिक प्रतच घ्यावी.

वेळ अगदीच थोडा असेल तर केवळ सुंदरकांड वाचावे. हनुमंताने सीतेचा घेतलेला शोध त्यात आहे आणि त्याचे स्वतंत्र पारायण करण्याची प्रथाही आहे.