सॉर्सरर मेला, तरी डॅमेज का? मॅजिक खेळताना या चुका टाळा

रविवारी सकाळी धरमपेठेत एका मित्राकडे आम्ही सात-आठ जण 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांच्या लढाईचा खेळ खेळायला जमतो. दोन कार्डं एकमेकांना भिडली आणि आवाज चढले की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात, कारण नियमांचं पुस्तक वाचायची खोड त्या घोळक्यात मला एकट्यालाच आहे. गडी बदलतात, डेक बदलतात, भांडण मात्र तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मलाही कधीतरी तर्री-पोहे गरम खायचे आहेत.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे मूळ कार्ड मारलं की त्याचा परिणामही मेला, असं समजणं. प्रॉडिगल सॉर्सरर हे जुनं, साधं क्रीचर, म्हणजे लढणाऱ्या पात्राचं कार्ड. टॅप केलं, म्हणजे कार्ड आडवं केलं, की हव्या त्या खेळाडूला किंवा क्रीचरला 1 डॅमेज, म्हणजे इजा. समजा समोरच्याची लाईफ 1 उरली आहे (शून्य झाली की हरला). तुम्ही सॉर्सरर टॅप करून त्याच्याकडे बोट दाखवता. तो घाईघाईने सॉर्सररवर लाइटनिंग बोल्ट हे जादूचं कार्ड टाकतो. 3 डॅमेज, सॉर्सरर 1/1 (पहिला आकडा पॉवर, म्हणजे मारायची ताकद; दुसरा टफनेस, म्हणजे सोसायची), म्हणजे खलास. मग हात झटकून म्हणतो, "मेला ना तो! मेलेला माणूस बुक्की मारते का बे?"

मारते. टॅप केल्याबरोबर ती ॲबिलिटी (कार्डाची करामत) सॉर्सररपासून सुटी झाली आणि स्टॅकवर, म्हणजे लागू व्हायची वाट पाहणाऱ्या गोष्टींच्या ढिगावर, जाऊन बसली. नंतर आलेला बोल्ट तिच्या डोक्यावर बसला. स्टॅक वरून खाली सुटत जातो, म्हणजे सगळ्यात वरचं आधी लागू होतं, म्हणून आधी बोल्ट लागतो, सॉर्सरर ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या कार्डांच्या ढिगात) जातो आणि मग खालची ॲबिलिटी आरामात सुटते. लाईफ शून्य. सुतळी बॉम्बची वात पेटल्यावर हातातली उदबत्ती विझवून काय होणार?

यावरून आमच्याकडे एकदा पाऊण तास वाजलं होतं. हरलेला गडी शेवटी दुसऱ्याच एका कार्डांच्या खेळाचं नाव घेऊन म्हणाला, "यू-गी-ओमध्ये असं नसते." तिथेही असंच असतं, बाप्पा! समोरच्याने साधं स्पेल (जादूचं कार्ड) उलटवलं आणि तुम्ही मिस्टिकल स्पेस टायफून या कार्डाने ते फोडलं, तर कार्ड फुटतं, काम मात्र होतंच. टायफून 'नष्ट कर' म्हणतो, 'रद्द कर' म्हणत नाही. टेबलावर टिकून राहावं लागतं अशा कंटिन्युअस कार्डाचं तेवढं काम थांबतं, आणि तो एक प्रकार पाहून लोक सगळीकडे तोच हिशोब लावतात. मॅजिकमध्ये सॉर्सररचा बंदोबस्त करायचा तर तो टेबलावर आला त्याच टर्नमध्ये करा. त्या टर्नला तो टॅप होऊ शकत नाही. टॅप झाल्यावर जागे होणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

खरी अडचण ही की ॲबिलिटी डोळ्यांना दिसत नाही. तिचं वेगळं कार्ड नसतं. म्हणून मी कॅरमच्या सोंगट्या घेऊन बसतो. ॲबिलिटी वापरली की टेबलाच्या मधोमध सोंगटी, तिच्यावर समोरच्याचं कार्ड, त्यावर पुढची सोंगटी. माझी पांढरी, तुझी काळी. वरचं सुटल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, आणि एकेक सुटल्यावर समोरच्याला विचारायचं, "ठीक?" तो ठीक म्हणाला की पुढचं. नवख्यांना हे म्हाताऱ्यांचे चाळे वाटतात. ते अख्खा ढीग एका दमात धाडधाड मोकळा करतात. यू-गी-ओची चेन, म्हणजे तिकडचा स्टॅक, एकदा सुटायला लागली की मध्ये कुणाला बोलता येत नाही, त्यामुळे तिकडून आलेल्यांना तीच सवय असते. मॅजिकमध्ये मात्र प्रत्येक गोष्ट सुटल्यावर पुन्हा उत्तर द्यायची संधी मिळते. ती न देता पुढे जाणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली भजी उचलणं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, तेव्हा इथे माझा आवाज जरा खाली.

नववीतला एक पोरगा आमच्यात नवा आला होता. त्याचं ग्रिझली बेअर्स, 2/2, हल्ल्यावर निघालं. समोरच्याची लाईफ 4, अडवायला कुणी नाही. पोराने जायंट ग्रोथ टाकलं, +3/+3, अस्वल 5/5 झालं. समोरच्याने शांतपणे टर्न टू फ्रॉग टाकलं: या टर्नपुरता त्या क्रीचरचा बेडूक, मूळ पॉवर-टफनेस 1/1. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो. कार्ड हातात न घेताच म्हणालो, "शेवटी पडलं त्याचं चालतं. 1/1." समोरचा 3 लाईफवर वाचला आणि पुढच्याच टर्नमध्ये पोरगा हरला. "ठीक आहे काका," म्हणून त्याने कार्डं आवरली.

घरी येऊन पुस्तक उघडलं तर बेडूक 4/4 होता. म्हणजे 4 डॅमेज. पोरगा जिंकला होता.

चालू असलेले परिणाम कोण आधी आलं एवढ्यावर ठरत नाहीत. ते सात थरांतून एका ठरावीक क्रमाने लागतात: नक्कल, ताबा, मजकूर, प्रकार, रंग, ॲबिलिटी आणि शेवटी पॉवर-टफनेस. या सातव्या थरातही आधी मूळ आकडा ठरवणारे परिणाम लागतात आणि नंतर अधिक-उणे करणारे. मी हे पगाराच्या भाषेत सांगतो. बेडूक तुमचा बेसिक बदलतो, ग्रोथ म्हणजे वरचा भत्ता. साहेबाने बेसिक 2 वरून 1 वर आणला तरी 3 चा भत्ता जागेवरच. (महागाई भत्ता बेसिकच्या टक्क्यांत असतो हे मलाही माहीत आहे, कर्मचारी मंडळींनी पत्र लिहू नये.) फ्रॉग आधी सुटला असता आणि ग्रोथ नंतर, तरी उत्तर 4/4 च. आधी-नंतरचा प्रश्न दोन्ही परिणाम एकाच पायरीवरचे असतील तेव्हाच येतो. दोन कार्डं मूळ आकडाच ठरवत असतील, तर उशिरा आलेलं खरं.

पुढच्या रविवारी सगळ्यांदेखत माफी मागितली. तेव्हापासून माझे निवाडे तोच पोरगा तपासतो, आणि दयामाया दाखवत नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

"माझा टर्न, माझं आधी." उलट आहे. दोघांकडे ब्लड आर्टिस्ट (क्रीचर मेलं की एका खेळाडूची लाईफ 1 ने कमी करणारं कार्ड) आहे, दोघांची लाईफ 1 आहे आणि एखादं क्रीचर मेलं, तर ज्याचा टर्न त्याचा ट्रिगर (आपोआप सुरू होणारी ॲबिलिटी) स्टॅकवर आधी जातो, म्हणजे खाली जातो. समोरच्याचा वर बसतो आणि आधी सुटतो. तुमच्याच टर्नमध्ये तुम्ही हरता.

एक कार्ड 'करू शकतो' म्हणतं आणि दुसरं 'करू शकत नाही', तर नकार जिंकतो. यावर चर्चा नाही.

इन्डिस्ट्रक्टिबल, म्हणजे नष्ट करता न येणाऱ्या, क्रीचरचा टफनेस 0 झाला तर ते जातं. त्याला कुणी नष्ट केलेलं नसतं.

एकाच घटनेची जागा घ्यायला, म्हणजे तिच्याऐवजी दुसरंच काही घडवायला, दोन परिणाम टपले असतील, तर ती घटना ज्याच्यावर किंवा ज्याच्या कार्डावर घडते आहे तो क्रम ठरवतो. ज्याचा गळा मोठा तो नव्हे.

जुन्या कार्डावर 'इंटरप्ट' हा जुना प्रकार छापला आहे म्हणून ते सगळ्यांच्या आधी घुसत नाही. स्टॅक 1999 मध्ये सिक्स्थ एडिशनच्या नियमांबरोबर आला आणि इंटरप्ट गेलं, ती कार्डं आता इन्स्टंट. गॅदरर या मॅजिकच्या कार्डांच्या वेबसाइटवर कार्डाचा आजचा मजकूर असतो, बऱ्याच कार्डांखाली खुलासेही असतात. दोन मिनिटांचं वाचन. ते टाळून वीस मिनिटांचे व्हिडिओ बघणारी मंडळी मला अजून कळलेली नाहीत.

आणि हे खास नागपूरकरांसाठी: मे महिन्यात कूलरच्या तोंडाशी स्टॅक रचू नका. पाच कार्डांचा ढीग एका झोतात दिवाणाखाली गेलेला मी पाहिला आहे. क्रम कुणालाच आठवेना, दोघेही आपलं कार्ड वर होतं म्हणून शपथा घेऊ लागले. 45 अंशांत कूलर बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही, त्यामुळे आम्ही टेबल भिंतीकडे सरकवलं आणि सगळ्यात वरच्या कार्डावर स्ट्रायकर ठेवतो.