साठीनंतर आकाशातून उडी : तयारी कशी करावी, मर्यादा कशा ठरवाव्यात

मी वयाच्या ४४ व्या वर्षी पहिली उडी घेतली आणि आज ६८ व्या वर्षी माझ्या लॉगबुकात १,१४० उड्यांची नोंद आहे. त्यांतील बहुतेक उड्या दक्षिण कॅलिफोर्नियातील पेरिस येथील ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, झाल्या, कारण नोकरीनिमित्त पुण्याहून आल्यापासून आमचे घर तेथून तासाभराच्या अंतरावर आहे. आधी पिंपरीत आणि नंतर येथे, अशी ३८ वर्षे मी कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीचे काम केले. या कामात एक सवय अंगात भिनते. यंत्र केव्हा बंद करायचे हे ते धडधडू लागल्यावर ठरवायचे नसते, ते वेळापत्रकात आधीच लिहून ठेवायचे असते. साठी ओलांडलेल्या माणसाने उडी कशी घ्यावी याविषयी मला जे सांगायचे आहे, ते सारे याच सवयीतून आलेले आहे. तरुणपणी जे निर्णय हवेत घेऊन निभावून जाते, ते या वयात जमिनीवर, शांतपणे आणि कागदावर घ्यावेत.

अजून एकही उडी घेतली नसेल तर

मुलांकडे अमेरिकेत आलेले अनेक मराठी आईवडील मला विचारतात की, या वयात आम्हाला जमेल का. प्रशिक्षकाच्या हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, जोडून घेतलेली टँडेम उडी बहुतेक निरोगी माणसांना जमते. स्वीडनच्या रुट लार्सन यांनी २०२२ साली १०३ व्या वर्षी अशी उडी घेतली आणि अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी २०१४ साली आपला ९० वा वाढदिवस टँडेम उडीनेच साजरा केला. टँडेममध्ये उतरताना मात्र दोन्ही पाय पुढे उचलून धरावे लागतात, आणि अडचण येते ती येथेच. घरी खुर्चीवर बसून दोन्ही पाय गुडघ्यात न वाकवता कमरेइतके उचलावेत आणि दहा सेकंद तसेच धरून ठेवावेत. हे जमत नसेल तर महिनाभर रोज सराव करावा आणि मगच नाव नोंदवावे. साध्या प्रवासविम्यात असे खेळ बहुधा वगळलेले असतात, म्हणून विम्याचा कागद आधी वाचावा.

ज्यांना स्वतंत्रपणे उडी घ्यायला शिकायचे आहे त्यांनी टँडेमनंतर थेट विमानाकडे न वळता काही सत्रे विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून येणाऱ्या जोराच्या वाऱ्यावर तरंगण्याचा सराव देणाऱ्या बोगद्यात, घालवावीत. उतारवयात शरीर नवी हालचाल शिकते, पण तिला पुनरावृत्ती अधिक लागते, आणि टनेलमध्ये दोन मिनिटांत दोन उड्यांपेक्षा अधिक मुक्त पतन पदरात पडते. अमेरिकेत पहिल्या म्हणजे ‘अ’ परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात. त्या एका मोसमात उरकण्याचा अट्टहास धरू नये. एकटेपणाची भीतीही बाळगू नये. चाळिशी ओलांडलेल्या स्कायडायव्हरांची ‘पॉप्स’ ही संघटना १९६६ पासून आहे, आणि साठी, सत्तरी व ऐंशी ओलांडलेल्यांचेही स्वतंत्र गट आहेत.

शरीराची तपासणी

डॉक्टरांकडे जाऊन ‘मी फिट आहे का’ एवढेच विचारू नये. ज्या डॉक्टरांना या खेळाची माहिती नाही त्यांना नेमके सांगावे की, मी दाराशी उभा राहीन तेव्हा हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असेल, तापमान जमिनीपेक्षा २५ अंशांनी कमी असू शकेल, मग मी पोटावर आडवा होऊन ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने खाली येईन आणि छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडताच मान व कंबर यांना झटका बसेल. रक्तदाबाच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावे व वेळा लिहून न्याव्यात.

डॉक्टर जे तपासत नाहीत ते आपण तपासावे. पहिली गोष्ट म्हणजे खांदा. मुख्य छत्री बाहेर ओढणारी छोटी पायलट छत्री पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी, उजव्या बाजूला असते, आणि तिच्यापर्यंत हात न्यायचा तर खांदा मागे पूर्ण वळावा लागतो. ज्यांना एकदा फ्रोझन शोल्डर झाला आहे किंवा ज्यांचा खांदा निखळलेला आहे, त्यांना ही हालचाल घरातल्या सदऱ्यात सहज जमते आणि हार्नेसचे पट्टे आवळल्यावर जमत नाही. म्हणून पूर्ण साज चढवून, हातमोजे घालून, आरशाकडे पाठ न वळवता दहा वेळा या पायलट छत्रीची मूठ शोधावी, आणि दहाही वेळा पहिल्याच प्रयत्नात सापडली पाहिजे. राखीव छत्रीची मूठ ओढायला किती जोर लागू शकतो याची मर्यादा अमेरिकी मानकात २२ पौंड, म्हणजे सुमारे १० किलो, अशी ठरलेली आहे. मी गॅरेजच्या खांबाला स्प्रिंगचा काटा बांधून ठेवला आहे आणि प्रत्येक हाताने १० किलोच्या पुढे काटा नेता येतो की नाही, हे नियमाने पाहतो.

दुसरी गोष्ट डोळे. मनगटावरच्या अल्टिमीटरचा, म्हणजे उंचीमापकाचा, आकडा चाळिशीच्या चष्म्याशिवाय पुसट दिसतो, आणि त्यावर उपाय म्हणून वरून दूरचे व खालून जवळचे दाखवणारा चष्मा गॉगलच्या आत घातला की दुसरी अडचण उभी राहते. उतरताना नजर खाली वळली की काचेच्या खालच्या भागातून जमीन दिसते, आणि तो भाग वाचनासाठी असल्यामुळे जमीन धूसर होते. मी असा एक महिना काढला. त्या महिन्यात मी प्रत्येक वेळी फ्लेअर, म्हणजे उतरताना वेग मोडण्यासाठी दोन्ही दोऱ्या खेचणे, एक क्षण उशिरा करत होतो आणि दोष छत्रीला देत होतो. आता मी केवळ दूरच्या नंबरचा चष्मा वापरतो आणि मोठ्या ठळक आकड्यांचा अल्टिमीटर घेतला आहे. नजर थेट पायांखाली न ठेवता पुढे, तिरकी ठेवावी, म्हणजे जमिनीची उंची अधिक अचूक कळते.

तिसरी गोष्ट कान. हेल्मेटमधील ध्वनी-अल्टिमीटर ठरलेल्या उंचीवर तीक्ष्ण सूर काढतो, आणि वयोमानाप्रमाणे प्रथम हरवतात ते असेच उंच सूर. वर्षातून एकदा श्रवणचाचणी करावी, विमानात कानात बोळे घालावेत, आणि ‘आवाज आला नाही म्हणजे उंची शिल्लक आहे’ असे कधीही गृहीत धरू नये.

छत्री मोठी करावी

विंग लोडिंग म्हणजे साजासह आपले वजन पौंडांत घेऊन त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागणे. माझे वजन साजासह ९० किलो, म्हणजे १९८ पौंड भरते. १७० चौरस फुटांच्या छत्रीवर हे प्रमाण १.१६ येत असे, २१० च्या छत्रीवर ते ०.९४ येते. प्रमाण जितके कमी तितका वेग कमी, वळण सावकाश आणि चूक सुधारायला सवड अधिक. ज्या मित्रांनी तरुणपणी छत्र्या लहान करत नेल्या त्यांना मोठीकडे परतणे कमीपणाचे वाटते, आणि मला हे फार अनाठायी वाटते. हाडे ठिसूळ होत जातात, घोट्याचे मोडलेले हाड जुळायला पंचविशीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, मग सावकाश उतरवणारी छत्री वापरण्यात संकोच कसला?

राखीव छत्री प्रमाणित रिगरकडून, म्हणजे छत्र्यांची घडी व देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाकडून, दर १८० दिवसांनी नव्याने घडी करून घ्यावी लागते, ती तारीख घरच्या कॅलेंडरवर ठळक लिहावी. मुख्य छत्रीची घडी गुडघ्यांवर बसून करणे जड जात असेल तर पैसे देऊन करून घ्यावी, मात्र करणाऱ्याशेजारी उभे राहून पाहावी.

उंचीचे आकडे

पोटावर पडताना पहिल्या १० सेकंदांत सुमारे १,००० फूट जातात आणि त्यानंतर प्रत्येक १,००० फुटांना साडेपाच सेकंद लागतात. पूर्वी मी ३,००० फुटांवर छत्री उघडत असे, आता ४,५०० वर उघडतो. यात मुक्त पतनाची सुमारे आठ सेकंद जातात, आणि काही बिघडले तर विचारासाठी तीच आठ सेकंद हाती येतात.

हा बदल मी सुखासुखी केला नाही. ६२ व्या वर्षी, कारखान्याच्या वार्षिक बंदची कामे आटोपून, चार तासांच्या झोपेवर मी मैदानावर गेलो. १७० ची छत्री उघडली ती दोऱ्यांना पीळ घेऊनच, आणि ती गरगर फिरू लागली. असा पीळ मी पूर्वी तीनदा सोडवला होता, म्हणून पाय मारत राहिलो. कधीतरी मनगटाकडे पाहिले तेव्हा आकडा १,६०० होता. अनुभवी माणसाने १,८०० फुटांच्या आत निर्णय केलेला असावा असा येथील दंडक आहे, आणि मी तो ओलांडून गेलो होतो. मुख्य छत्री सोडून दिली, राखीव उघडली, सुखरूप उतरलो. घरी येऊन मी लॉगबुकात लिहिले की, हाताला काम मिळाले की माझे डोळे उंची पाहायचे सोडून देतात. कारखान्यातही असेच होत असे. पाना हातात आला की घड्याळ दिसेनासे होई, आणि म्हणून आम्ही वेळ सांगायला एक माणूस वेगळा उभा करत असू. हवेत तो माणूस मिळत नाही.

म्हणून आकडे आधी ठरवावेत आणि विमानात बसण्यापूर्वी मोठ्याने म्हणावेत. माझे आकडे असे आहेत: ४,५०० वर उघडायचे, पीळ असेल तर सोडवण्याचे दोन प्रयत्न करायचे आणि प्रत्येक प्रयत्नानंतर उंची पाहायची, २,५०० वर छत्री हाताळण्यायोग्य नसेल तर सोडून द्यायची. विद्यार्थ्यांसाठी जी निर्णयाची उंची येथे सांगितली जाते तीच मी स्वतःसाठी घेतली आहे. सुमारे ७५० फुटांवर राखीव छत्री आपोआप उघडणारे सायप्रससारखे यंत्र अंगावर असावेच, पण ते मुक्त पतनाचा वेग ओळखून काम करते. बिघडलेल्या छत्रीखाली तितका वेग नसेल तर ते गप्प राहील, हे लक्षात ठेवावे.

उडीचा दिवस

आदल्या रात्री सात तास झोप झाली नसेल तर मैदानावर जाऊ नये. माझ्या यादीतील हा एकमेव नियम आहे ज्याला मी अपवाद ठेवलेला नाही. पेरिसला उन्हाळ्यात सकाळी अकरानंतर जमीन तापून वावटळी उठतात, आणि वावटळ उतरत्या छत्रीला जमिनीपासून काही फुटांवर मिटवू शकते, म्हणून मी सकाळच्याच उड्या घेतो. विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल आहे, तीच मी पाळतो. दिवसाला तीनपेक्षा अधिक उड्या नकोत. लघवी वाढवणारी गोळी घेतल्यामुळे पाणी कमी पिण्याचा मोह होतो. वाळवंटी उन्हात तो धोक्याचा आहे. १९९२ साली याच गावी उड्डाणानंतर विमान कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला होता, तेव्हा वर जाताना किमान १,५०० फुटांपर्यंत विमानातला पट्टा बांधलेलाच ठेवावा. वर जाताना पाय आखडून बसावे लागते, म्हणून दार उघडण्यापूर्वी घोटे आणि गुडघे हलवून घ्यावेत.

उतरताना उभे राहण्याचा आग्रह सोडावा. शंका आली की पाय व गुडघे जुळवून लोळण घ्यावी. तळपाय, पोटरी, मांडी, नितंब आणि पाठीची बाजू या क्रमाने भार वाटला गेला की एकट्या घोट्यावर तो येत नाही. ही लोळण आग्र्याच्या पॅराट्रूपर प्रशिक्षणात जवानांकडून अनेक दिवस घोटून घेतात. आपण निदान महिन्यातून एकदा गवतावर, दीड फुटाच्या पायरीवरून, दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा तिचा सराव करावा.

खंड आणि थांबणे

महिन्याला चार उड्या वर्षभर घेणे हे एका सुट्टीत तीस उड्या घेण्यापेक्षा चांगले. अमेरिकी पॅराशूट संघटनेच्या शिफारशीनुसार ‘अ’ परवानाधारकाचा ६० दिवसांचा आणि सर्वांत वरच्या दोन परवान्यांच्या धारकाचा सहा महिन्यांचा खंड पडला तर उजळणी करावी लागते. माझ्याजवळ सर्वांत वरचा परवाना आहे, तरी मी ६० दिवसच धरतो. भारतात आईच्या आजारपणासाठी एकदा पाच महिने राहिलो, तेव्हा परतल्यावर पहिली उडी प्रशिक्षकाला सोबत घेऊन केली.

नोकरीत असताना मी हा खेळ बरीच वर्षे कार्यालयापासून लपवला. ते चुकले, कारण घोटा मोडून सहा आठवडे घरी बसलो तेव्हा माझे काम ज्या सहकाऱ्यांवर पडले त्यांना कसलीही कल्पना नव्हती. अजून नोकरीत असणाऱ्यांनी वरिष्ठांना सांगावे आणि आपल्या जागी कोण उभे राहील ते ठरवून ठेवावे. घरीही तसेच करावे. माझी पत्नी मैदानावर येत नाही, पण शेवटच्या उडीनंतर हार्नेस उतरवण्यापूर्वी मी तिला फोन करतो, आणि कोणत्या वेळेनंतर तिने काळजी करावी हे सकाळीच ठरलेले असते.

थांबण्याच्या अटी शरीर चांगले असताना लिहाव्यात. मी त्या लॉगबुकाच्या पहिल्या पानावर लिहिल्या आहेत. कोणत्याही एका हाताने १० किलोचा काटा ओढता आला नाही, वर्षात दोनदा ठरलेल्या उंचीखाली छत्री उघडली, किंवा पत्नी आणि माझा रिगर या दोघांनी एकमताने सांगितले, तर स्वतंत्र उड्या बंद होतील. त्यानंतर टँडेम करता येईल, नवख्यांना लोळण शिकवता येईल, घड्या घालणाऱ्यांना मदत करता येईल. दर जानेवारीत पहिल्या रविवारी मी काटा ओढून आकडा त्या पानावर नोंदवतो. यंदा डाव्या हाताचा आकडा १२ आला, गेल्या वर्षी तो १३ होता. नोंदीखाली दरवर्षीप्रमाणे पत्नीची सही आहे.