कृष्णाकाठी शिकून संघर्षग्रस्त भागात काम करायचं असेल तर

पुराच्या इशाऱ्याचं आणि मदतीचं काम शिकायला सांगलीसारखी शाळा नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. या क्षेत्रात येणाऱ्याने एक अख्खा पावसाळा इथेच काढावा. पुलाजवळची पातळी आणि कोयनेचा विसर्ग रोज वहीत टिपायचा. किती फुटांना दत्तनगरात, सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी शिरतं ते गल्लीवार नकाशावर घ्यायचं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, नेटाने बसलात तर हात लवकर बसतो. पुढे पदवी हवी असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

मात्र इथे एक गोष्ट आपण गृहीत धरतो: इशारा देणारी यंत्रणा एकच आहे. तरीही 2019 मध्ये कित्येक घरं 2005 च्या पुराच्या खुणेवर विसंबून थांबली आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलं. जिथे वर्षानुवर्षं लढाई चालू आहे, तिथे आधी विचारावं लागतं की इशारा देणार कोण? लिबियातल्या डेर्ना शहरावरची दोन धरणं सप्टेंबर 2023 मध्ये फुटली. देशात दोन सरकारं, धरणांची डागडुजी रखडलेली, आणि त्या वेळी घरं सोडा आणि घरातच थांबा अशा दोन्ही सूचना सुटलेल्या.

म्हणून अशा भागातल्या नकाशावर पूररेषेइतकीच महत्त्वाची दुसरी माहिती असते: रस्ता कोणाच्या ताब्यात, अंधार पडल्यावर कुठे जाता येत नाही, कोणत्या वस्तीचं कोणाशी पटत नाही. ही माहिती एकाच दुभाष्याकडून घेऊ नका, तो ज्या बाजूचा असेल तेवढंच दिसतं. बायकांशी बोलायला बाईच हवी. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर नावं नकोत, आणि निवाऱ्यांची जीपीएस ठिकाणं तर सरसकट कोणालाही देऊ नका. तीच यादी कोणाच्या तरी हातात हल्ल्याची यादी ठरू शकते. जिथे भोंगा म्हणजे विमानहल्ला, तिथे पुरासाठी तोच भोंगा वाजवला तर लोक तळघरात उतरतील. बोस्नियात 2014 च्या पुराने आणि दरडींनी जुने भूसुरुंग आणि त्यांचे इशाराफलक जागचे हलवले. अशा ठिकाणी पूर ओसरल्यावर जुन्या नकाशाच्या भरवशावर गाळात पाय टाकायचा नाही.

छावणीचा हिशेब तोंडी यायला हवा. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, 20 जणांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर छत. 500 कुटुंबं, घरटी पाच माणसं धरली तर रोज 37,500 लिटर, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरच्या चार खेपा. सांगलीत एक खेप चुकली तर दुसरा टँकर येतो. नाक्यावर अडवणूक होते तिथे निदान दोन दिवसांचं पाणी छावणीतच साठवलेलं हवं.

परदेशाआधी गडचिरोली पाहा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, आणि त्यातच नक्षल संघर्षाची इतकी वर्षं. तिथलं खरं काम पावसाआधीच होतं: दुर्गम गावांत धान्य आधी पोचवायचं, दिवस भरत आलेल्या बायकांना दवाखान्याजवळच्या ‘माहेरघरा’त, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या सोयीत, आणून ठेवायचं. गोंडी किंवा माडिया बोलणारा सहकारी सोबत असल्याशिवाय या गावांत सर्वेक्षणाला जाऊ नका.