रामपुऱ्याच्या आठवणी गोळा करायच्या तर

इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत माळव्यातल्या रामपुरा-भानपुऱ्याचं नाव कधी ना कधी निघतंच. कुणाचे पणजोबा तिकडे अमीन, म्हणजे महसुली अंमलदार, होते, कुणाची आत्या तिकडे दिलेली. माझ्या आजीचं बालपण रामपुऱ्यात गेलं. होळकरशाहीतलं हे मोठं ठाणं. भानपुऱ्यात यशवंतराव होळकर १८११ साली वारले, त्यांची छत्री तिथे आहे. रेल्वे एकीकडे नीमचवरून गेली, दुसरीकडे गरोठ-शामगढवरून, आणि रामपुरा मध्येच राहिलं. मग १९६० साली चंबळेवर गांधीसागर धरण झालं. आसपासची शेती आणि खेडी बुडाली, म्हणजे बाजाराला येणारं गिऱ्हाईकच उठलं. कालव्यांचं पाणी मात्र राजस्थानातल्या कोट्याकडे आणि पुढे मुरैना-भिंडकडे गेलं.

अशा गावाचं कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं आपण लग्नाकार्यात भेटलो की म्हणतो. सुरुवात कशी करायची ते सांगते.

आधी घरातले कागद बघा. ट्रंकेत मोडीतली पत्रं, पावत्या, वाटणीचे कागद असतील तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागे पेन्सिलीने नुसतं कुठल्या ट्रंकेत मिळालं ते लिहा. मोडी वाचणारं माणूस इंदुरात अजून मिळतं.

मग छापील साधनं. लुआर्डचं १९०८चं इंदूर संस्थानाचं गॅझेटियर आणि धारीवालांचं १९३१चं, ही दोन्ही बघाच. त्याहून माझा जीव जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांवर आहे. रामपुरा तेव्हा मंदसौर जिल्ह्यात होतं. १९५१ची गावांची यादी आणि १९६१ची यादी शेजारी शेजारी ठेवा आणि पट्टी धरून एकेक नाव जुळवा. पहिलीत आहे, दुसरीत नाही, किंवा नावापुढे वस्तीच नाही, अशा गावांवर खूण करा. एखादं गाव नाव बदलूनही निसटतं, म्हणून जुना नकाशा हाताशी असू द्या. ही यादी घेऊनच रामपुऱ्याला जायचं.

खरं काम तिथे आहे. इंदुरात बसून जे मिळतं ते गाव सोडून गेलेल्यांचं रामपुरा: वाडा, सुभ्याचा रुबाब, आंब्याची झाडं. ते लिहाच. पण त्यात धरण जवळजवळ नसतं, कारण आपली माणसं बहुतेक आधीच निघाली होती. धरण सोसलं ते मागे राहिलेल्यांनी. त्यांच्याकडे न जाता लिहिलेलं रामपुरा अर्धंच, असं माझं ठाम मत आहे.

तिथे गेल्यावर 'गावाचा इतिहास सांगा' असं विचारू नका. लोक मग तुम्हाला मास्तरांकडे पाठवतात आणि मास्तर पुस्तकातलं सांगतात. एका वस्तूचं विचारा. पाण्याचं विचारा. सप्टेंबर २०१९ मध्ये धरणाचं पाणी गावात शिरलं होतं. 'पानी कठे तक आयो थो?' एवढं म्हटलं तरी माणूस उठून भिंतीवर हात ठेवून दाखवतो, आणि बोलता बोलता रिंगवॉलवर, म्हणजे धरणाचं पाणी अडवायला गावाकडे घातलेल्या भिंतीवर येतो, तिथून थेट साठ सालच्या पाण्यावर. सनावळी विचारू नका. 'बाँध के पहले की बाद में' एवढं पुरतं. लग्न, मोठं मूल, घरातला मृत्यू यांवरून साल नंतर काढता येतं.

बायकांशी वेगळं बोला, घरातले पुरुष बाजूला नसताना. कितीतरी जणी बुडालेल्या गावांतून रामपुऱ्यात आलेल्या आहेत. त्यांचं माहेरच पाण्यात आहे. एका आजींना मी यादीतलं त्यांच्या गावाचं नाव वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. हातातलं सूप खाली ठेवलं आणि त्यातल्याच ज्वारीच्या दाण्यांनी गाव मांडायला लागल्या: ही विहीर, हा माताजीचा ओटा, इथे आमचं दार, इथून नदीची वाट. विहिरीला एकच दाणा, घराला मूठभर. मी वरून फोटो काढला आणि मग एकेका दाण्यावर बोट ठेवून विचारत गेले. कागद-पेन दिलं असतं तर 'मला लिहिता येत नाही' म्हणून त्या बसून राहिल्या असत्या. तेव्हापासून मी नकाशा काढायला कुणालाच कागद देत नाही. घरात जे असेल ते, दाणे, खडे, शेंगा.

रेकॉर्डिंगला फोन पुरे. पंखा बंद करा. सुरुवातीला तारीख, जागा आणि माणसाचं नाव स्वतःच्या आवाजात म्हणा, आणि 'हे लिहिलं तर चालेल ना?' हेही रेकॉर्डिंगमध्येच विचारून घ्या. कुणी नाव नको म्हणालं तर नाव नाही. घरी आल्यावर आठवड्याच्या आत उतरवून काढा, नंतर कोण कशाला 'तो तिकडचा' म्हणालं ते कळत नाही. माळवी शब्द माळवीतच ठेवा.

आणि एका मोहल्ल्यावर थांबू नका. सराफ, बोहरी, भोई, चंबळेच्या काठावरचे शेतकरी, प्रत्येकाचं धरण वेगळं आहे. कोळ्या-भोयांना जलाशयात मासेमारी मिळाली, शेतकऱ्याची काळी जमीन गेली.

लिहून झालं की परत जा आणि ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवा, मराठीत लिहिलं असेल तर हिंदीत सांगून. शेजारीपाजारी जमतात, कुणी म्हणतं असं नव्हतंच. दोघांचं म्हणणं नावानिशी लिहून ठेवा, निवाडा करू नका. एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी द्या आणि एक रामपुऱ्यातल्या शाळेत, हिंदीतली.